योकचा कान भरत नाही: हॉट फोर्जिंगमध्ये पुन्हा पुन्हा येणारा अंडरफिल

युनिव्हर्सल जॉइंटच्या योकचं, म्हणजे दोन कान असलेल्या काट्यासारख्या भागाचं, हॉट फोर्जिंग (तापवलेलं पोलाद डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून घडवणं) करणाऱ्या शॉपमध्ये एक तक्रार फिरून फिरून येते. सकाळच्या पाळीचे पहिले पीस कानाच्या टोकाला भरत नाहीत. यालाच अंडरफिल म्हणतात. तासाभराने माल नीट येऊ लागतो. दुपारी तोच दोष पुन्हा डोकं वर काढतो, नाहीतर पीस डायला चिकटायला लागतो. डाय बदलली की काही दिवस शांतता आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. भोसरी-चाकण पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असते. तुमच्याकडे हा दोष असेल तर शुक्रवारच्या पहिल्या पाळीचं रिजेक्शन वेगळं काढून बघा, कारणाचा अर्धा पत्ता तिथेच लागेल.

अशा वेळी शॉपमध्ये तीन उपाय ठरलेले असतात: कट वेट (कापलेल्या बिलेटचं, म्हणजे बारच्या तुकड्याचं वजन) वाढवा, कॉइलचं (बिलेट तापवणाऱ्या इंडक्शन हीटरचं) तापमान वाढवा, शट हाइट (प्रेस बंद झाल्यावर उरणारी उंची) खाली घ्या. तिन्हींनी त्या दिवसाचा माल निघतो, दोष मात्र जागच्या जागी राहतो. जास्तीचं वजन फ्लॅशमध्ये (दोन डायच्या फटीतून बाहेर येणाऱ्या मालाच्या पट्टीत) जातं आणि स्टीलचे पैसे भंगाराच्या भावात परत येतात. कॉइल चढवली की खपली (गरम पोलादावर चढणारा ऑक्साइडचा थर) वाढते, डाय लवकर झिजते. शट हाइट खाली घेतली की प्रेसच्या फ्रेमवर आणि टाय रॉडवर भार येतो. म्हणून या तिन्हींना हात लावण्याआधी डायच्या पृष्ठभागाचं तापमान आणि तिथलं घर्षण तपासा, असं मी आग्रहाने सांगेन. या दोन गोष्टी रजिस्टरमध्ये वेगवेगळ्या रकान्यांत असल्या तरी डायच्या कातडीवर त्या एकच असतात. कसं, ते पुढे येतं.

पुढचं सगळं सी-४५, म्हणजे आपल्या बोलण्यातलं ईएन-८, इंडक्शन हीटर, १६०० टनी मेकॅनिकल प्रेस, बस्टर-ब्लॉकर-फिनिशर असे तीन ठोके (आधी बिलेट चपटं करणं, मग ढोबळ आकार, मग अंतिम आकार) आणि पाण्यात कालवलेलं ग्रॅफाइट हे धरून लिहिलं आहे. ४२ क्रोम-मॉली किंवा २० मँगनीज-क्रोम या मिश्र पोलादांना आकडे थोडे हलतात, तपासणीचा क्रम तोच राहतो.

आधी न भरलेला पीस हातात घ्या

दोषाचा पीस थेट भंगारात टाकू नका. ट्रिमिंगच्या (फ्लॅश कापून काढण्याच्या) आधीचे, फ्लॅशसकट चार-पाच पीस बाजूला काढा, थंड होऊ द्या आणि फ्लॅशची जाडी चारही बाजूंनी व्हर्नियरने मोजा. मेकॅनिकल प्रेसचा स्ट्रोक ठरलेला असला, तरी भार वाढला की फ्रेम ताणली जाते आणि डाय पूर्ण बंद होत नाहीत. म्हणजे फ्लॅशची जाडी हा तुमच्याकडचा फुकटचा लोड मीटर आहे. ड्रॉइंगवर ३ मिलिमीटर आहे, पीसवर ३.६ येते आणि कानही भरलेला नाही, याचा अर्थ माल कडक आहे किंवा त्याला वाहू दिलं जात नाही. प्रेसने जोर लावला, मालाने ऐकलं नाही. इथे तापमान आणि घर्षण दोन्ही तपासायचे.

जाडी बरोबर आहे, पण फ्लॅश सगळीकडून तोकडा आहे, तर वजन कमी पडतंय. शिअरिंगवर कापलेल्या बिलेटमध्ये बारच्या व्यासाचा फरक थेट वजनात उतरतो. अडीच किलोच्या बिलेटला २५ ग्रॅम म्हणजे एक टक्का झाला. एका बाजूला फ्लॅश रुंद आणि दुसऱ्या बाजूचा कान रिकामा असेल, तर बस्टरची चकती ब्लॉकरमध्ये मध्यावर बसत नाही. या दोन्हींत तापमानाच्या मागे लागून वेळ घालवू नका.

तिसरी शक्यता बऱ्याचदा सुटते. फ्लॅशची जाडी बरोबर, फ्लॅश भरपूर रुंद, लोड मॉनिटरवर टनेज नेहमीपेक्षा कमी आणि तरीही कान रिकामा. हा झिजलेल्या फ्लॅश लँडचा प्रकार आहे. याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं.

घर्षण एका जागी नको असतं, दुसऱ्या जागी हवंच असतं

कानाच्या पोकळीत माल वर चढताना बाजूच्या भिंतींना घासत जातो. तिथे घर्षण जितकं कमी तितकं बरं. फ्लॅश लँड म्हणजे पोकळी आणि गटर (जास्तीचा माल मावायची बाहेरची खाच) यांच्यामधली अरुंद, पातळ पट्टी. तिथे घर्षणाचं काम उलटं असतं. माल त्या पट्टीत शिरला की पातळ होतो, झटकन गार होतो, त्याचा विरोध वाढतो आणि त्यामुळे आतला दाब चढून उरलेला माल कानात ढकलला जातो. पट्टी झिजून तिच्या कडा गोल झाल्या की माल सोपा रस्ता धरतो आणि कानात जायच्या ऐवजी गटरमध्ये निघून जातो.

म्हणूनच स्प्रे कुठे पडतो ते प्रत्यक्ष उभं राहून बघा. हाताने स्प्रे मारणारा गडी डायच्या तोंडावर, म्हणजे सपाट भागावर, भरपूर ग्रॅफाइट उडवतो, कारण तो भाग समोर दिसतो. खोल कानाच्या भिंतीपर्यंत फवारा पोचतच नाही. परिणामी जिथे घसरण हवी तिथे कोरडं आणि जिथे अडवणूक हवी तिथे गुळगुळीत, असा उलटा कारभार होतो. एक मोठा पुठ्ठा डायच्या जागी धरून एकदा स्प्रे मारा. काळा डाग कुठे पडला आणि कुठला नोझल तुंबला ते लगेच कळतं. नोझलचा रोख बदलून फवारा कानांत वळवला आणि सपाट भागावर नुसता हलका थर राहू दिला, एवढ्यावरही बरेच अंडरफिल सुटतात.

आता उलटी बाजू. खोल कानाच्या तळाशी ग्रॅफाइटचं पाणी साचलं तर ठोक्याच्या क्षणी माल ते कोंडून टाकतो. पाणी दाबलं जात नाही, वाफेला बाहेर पडायला वाट नसते आणि तेवढ्या जागेत माल जाऊ शकत नाही. असा पीस ओळखता येतो: न भरलेल्या जागेचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि काळसर असतो आणि दोष दर पीसला थोडा वेगळा येतो, कधी जास्त, कधी अजिबात नाही. खपली साचली तर तिथे खरखरीत खड्डे दिसतात. दोन्हीसाठी ठोक्यांच्या मधे हवेचा झोत आधी, स्प्रे नंतर आणि कानाच्या टोकाला दीड-दोन मिलिमीटरचं व्हेंट भोक. एवढ्या बारीक भोकात माल शिरताच गार होऊन थांबतो, त्यामुळे भीती बाळगू नका. पण पाळीच्या सुरुवातीला तार घालून ते मोकळं आहे का ते बघा, कारण ग्रॅफाइटने ते हमखास बुजतं.

थंड डाय: सकाळच्या दोषाचं मूळ

बिलेट ११८० अंश सेल्सिअसवर आहे आणि डाय ६० अंशांवर. बिलेट पोलादाचं, डाय पोलादाची, त्यामुळे उष्णता घेण्या-देण्याची दोघांची ताकद साधारण सारखीच. असे दोन तुकडे घट्ट चिकटले की मधल्या पृष्ठभागाचं तापमान क्षणात दोघांच्या सरासरीजवळ जातं, म्हणजे ६२० अंश. डाय २०० अंशांवर असती तर ६९० झालं असतं. प्रत्यक्षात खपली आणि ग्रॅफाइटचा थर मधे असल्याने मालाची कातडी एवढी गार होत नाही, पण कल कळायला हा हिशेब पुरेसा आहे.

सी-४५ ला वाकवायला लागणारा ताण १२०० अंशांवर जितका असतो, त्याच्या जवळपास दुप्पट तो १००० अंशांवर होतो. आणि इथेच घर्षण तापमानाशी जोडलं जातं. गरम फोर्जिंगमध्ये आपण घर्षण गुणक ० ते १ मध्ये मोजतो. ० म्हणजे अजिबात विरोध नाही, १ म्हणजे माल डायला चिकटून बसला आणि आतल्या आत कापला गेला. चांगला ग्रॅफाइटचा थर असेल तर हा गुणक साधारण ०.३ च्या आसपास राहतो, कोरड्या पृष्ठभागावर ०.७ च्याही वर जातो. पण भिंतीवर माल अडवणारा खरा ताण म्हणजे हा गुणक गुणिले मालाच्या कातडीची कातर-ताकद. कातडी गार झाली की ती ताकद वाढते. म्हणजे ग्रॅफाइट तेच, स्प्रे तोच, गुणकही तोच, तरीही थंड डायवर अडवणूक वाढलेली असते. कानाचं आकारमान लहान आणि पृष्ठभाग मोठा, त्यामुळे तिथे नुसती कातडी गार होऊन थांबत नाही, अख्खा कानच गार होत जातो.

त्यात भर म्हणजे ग्रॅफाइट थंड डायवर नीट बसतही नाही. डाय १०० अंशांच्या खाली असेल तर पाणी उडत नाही, ओघळून तळाशी जातं आणि आत्ताच सांगितलेला कोंडलेल्या पाण्याचा दोष तयार होतो. सकाळच्या पहिल्या पीसना तीन कारणं एकदम लागू होतात ती अशी.

उपाय: पहिल्या ठोक्याआधी डाय १५० ते २०० अंशांवर, आणि ते आतपर्यंत. गॅस बर्नर लावून अर्ध्या तासात पृष्ठभाग २०० दाखवेल, पण ब्लॉक आतून गारच असतो आणि होल्डर उष्णता ओढत राहतो. बर्नर काढून पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग कॉन्टॅक्ट थर्मोकपलने कानाच्या भिंतीवर मोजा. तेव्हाही १५० च्या वर असेल तर डाय तापली म्हणायचं. तापलेली बिलेटं डायवर ठेवून डाय गरम करायची पद्धत अजूनही खूप ठिकाणी दिसते. ती कृपया बंद करा. तिने पृष्ठभाग एका जागी ५०० च्या वर जातो, शेजारचा भाग गार राहतो आणि एच-१३ सारख्या डाय स्टीलमध्ये कोपऱ्यातून तडा जाण्याची ती सुरुवात असते. थंड डाय ठिसूळ असते, त्यामुळे हिवाळ्यात आणि सुट्टीनंतर हा धोका आणखी वाढतो.

एक गोष्ट डाय डिझाइनच्या वेळीच बघायची असते. प्रेस खाली येईपर्यंत माल खालच्या डायवर काही सेकंद बसून असतो, वरच्या डायला तो फक्त ठोक्याच्या क्षणी भेटतो. त्यामुळे खोल कान शक्य असेल तिथे वरच्या डायमध्ये घ्यावेत. खपलीही खाली पडते, कानात राहत नाही. तुमचे कान खालच्या डायमध्ये असतील आणि ते बदलणं शक्य नसेल, तर पीस ठेवल्यापासून ठोका पडेपर्यंतचा वेळ मोबाइलच्या व्हिडिओवर मोजा. दोन ऑपरेटरमध्ये या वेळेचा फरक असेल तर रिजेक्शनचाही फरक तिथेच सापडेल.

रात्रभर बसलेलं ग्रॅफाइट

सकाळच्या दोषाला आणखी एक कारण असतं. पाण्यातलं ग्रॅफाइट बंद टाकीत खाली बसतं. सकाळी पंप सुरू केला की पहिला बराच वेळ डायवर जवळजवळ नुसतं पाणी जातं, नाहीतर तळाचा गाळ नोझलमध्ये अडकतो. टाकीचा ढवळणारा पंखा सुट्टीच्या दिवशीही चालू राहायला हवा. ते जमत नसेल तर पाळीच्या आधी किमान अर्धा तास तो चालू करा आणि पाइपमधलं जुनं पाणी काढून टाका.

मिश्रण अंदाजाने करू नका. ठराविक वजनाचा नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर पूर्ण वाळवा आणि उरलेलं वजन घ्या. घट्टपणाची टक्केवारी मिळते. पुरवठादाराने सांगितलेल्या प्रमाणात ताजं मिश्रण करून त्याचा असाच आकडा आधी काढून ठेवा आणि रोज त्याच्याशी ताडून बघा. बोअरवेलचं जड पाणी वापरत असाल तर तेही बदला. क्षारांमुळे ग्रॅफाइटचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. आरओचं पाणी यात फार महाग पडत नाही.

बिलेट खरंच तेवढं गरम आहे का?

पायरोमीटर (लांबूनच तापमान मोजणारं यंत्र) १२०० दाखवतो म्हणून आपण निश्चिंत असतो. साधा, एका तरंगलांबीचा पायरोमीटर सुटलेल्या खपलीवर रोखला गेला तर तो खपलीचं तापमान सांगतो आणि ती आतल्या स्टीलपेक्षा गार असते. मग ऑपरेटर पॉवर चढवतो आणि माल प्रत्यक्षात १२८० कडे जातो. अशाने स्टीलच्या आतले दाणे (स्फटिक) मोठे होतात आणि त्याहून पुढे गेलं तर दाण्यांच्या सीमा वितळून माल जळतो. जळालेलं स्टील कुठल्याही हीट ट्रीटमेंटने परत येत नाही. टू-कलर, म्हणजे दोन तरंगलांबींवर मोजणारा पायरोमीटर या बाबतीत खूपच भरवशाचा असतो. लेन्स रोज पुसा, शॉपमधली ग्रॅफाइटची धूळ तिच्यावर बसते.

उलटा प्रकार गाभ्याचा. इंडक्शनमध्ये उष्णता मुख्यतः बाहेरच्या थरात तयार होते. १००० हर्ट्झला, स्टील चुंबकत्व सोडून वर गेल्यानंतर, हा थर साधारण १७ मिलिमीटर असतो. ३००० हर्ट्झला १० मिलिमीटर. त्यापुढे आतपर्यंत उष्णता जायला वेळ लागतो. प्रॉडक्शन वाढवायला पुशरचा (बिलेटं कॉइलमधून पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेचा) वेग वाढवला की बाहेरचा आकडा तोच राहतो, गाभा मात्र मागे पडतो. शंका असेल तर बस्टरचा पीस बघा: पुरता न तापलेला गाभा असेल तर फुगवटा नेहमीपेक्षा वेगळा येतो आणि टनेज वाढतं. वेग मूळ जागी आणून दोन-चार पीस काढून बघितलं की उत्तर मिळतं.

लाइन थांबल्यावर कॉइलमध्ये अडकलेल्या बिलेटांचं काय करता, हेही तपासा. चहाच्या सुट्टीनंतर बाहेर येणारी पहिली काही बिलेटं ना धड गरम असतात ना धड थंड, आणि बराच वेळ हवा लागल्याने त्यांच्यावर खपलीचा जाड थर असतो. ती सॉर्टरच्या (तापमान बघून बिलेटं वेगळी करणाऱ्या यंत्रणेच्या) नाकारलेल्या वाटेनेच गेली पाहिजेत. ती डायवर घातली तर थंड माल, जाड खपली आणि सुट्टीत गार झालेली डाय, असं सगळंच एकत्र येतं.

दुपारचा दोष

दुपारी डाय ३५० अंशांच्या वर गेलेली असते. बहुतेक पाण्याधारित ग्रॅफाइट साधारण १५० ते २५०-३०० अंशांच्या पट्ट्यात चांगलं बसतं. त्यापुढे, कडकडीत तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचतात तसे फवाऱ्याचे थेंब वाफेच्या गादीवर तरंगून उडून जातात आणि ग्रॅफाइट डायला लागतच नाही. स्प्रे चालू आहे, धूर दिसतोय, पण डाय कोरडी आहे. घर्षण वाढतं, पीस चिकटतो, कानाच्या मुळाशी माल ओरबाडला जातो आणि वर टोक रिकामं राहतं.

वरचाच सरासरीचा हिशेब ३८० अंशांच्या डायला लावा: मधला पृष्ठभाग ७८० अंश. एच-१३ डाय साधारण ५५० ते ६०० अंशांवर टेम्पर केलेली (कडक केल्यावर पुन्हा तापवून चिवट केलेली) असते. तिचा पृष्ठभाग दर ठोक्याला त्या तापमानाच्या वर जाऊन येत असेल तर ती मऊ पडत जाते आणि ४८ एचआरसीची (रॉकवेल मापावरच्या कडकपणाची) डाय फ्लॅश लँडच्या कडेला ४० च्या खाली आलेली सापडते. मग लँड झिजते, माल गटरकडे पळतो आणि आपण पुन्हा वजन वाढवतो. डाय वेळेआधी उतरली तर पोर्टेबल हार्डनेस टेस्टरने ही कडा तपासून ठेवा. नायट्राइडचा (डायच्या पृष्ठभागावरचा कडक) थर उडाला आहे का, तेही तिथेच दिसेल.

यावर दणादण पाणी मारणं हा उपाय नव्हे. पृष्ठभाग एकदम गार झाला की केसासारख्या तडांचं जाळं उठतं. दर ठोक्याला फवाऱ्याची वेळ थोडी वाढवायची, ठोक्यांचा ताल एकसारखा ठेवायचा, पीस डायमध्ये पडून राहत असेल तर नॉकआउट (पीस डायबाहेर ढकलणारी यंत्रणा) दुरुस्त करायचा. दर अर्ध्या तासाने डायचं तापमान लिहा. भिंतीवर पाटी लावून ऑपरेटरनेच ते लिहावं, इंजिनिअरने नव्हे, कारण ३०० चा आकडा दिसताच हात तिथेच हलायला हवा.

ग्रॅफाइट बदलायचं की नाही: कड्याची चाचणी

नवं ग्रॅफाइट घ्यावं का, जास्त घट्ट मिश्रण करावं का, हे प्रॉडक्शनच्या डायवर ठरवू नका. तुमच्याच बारमधून ६:३:२ मापाची कडी टर्न करून घ्या: बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर, भोक ३०, उंची २०. ती नेहमीच्या तापमानाला तापवून सपाट डायमध्ये निम्म्या उंचीपर्यंत दाबा आणि गार झाल्यावर भोक मोजा. घर्षण फार कमी असेल तर भोक मोठं होतं, जास्त असेल तर लहान होतं. मेल आणि कॉकक्रॉफ्ट यांनी १९६० च्या दशकात याचे तक्ते दिले, त्यावरून गुणकही काढता येतो. पण शॉपला एवढं नकोच असतं. एकाच दाबाने, एकाच डाय तापमानाला दोन ग्रॅफाइट लावून बघा. ज्याचं भोक कमी आकसलं ते तुमच्या कामाचं. मग तेच ग्रॅफाइट घेऊन डाय ८०, २०० आणि ३५० अंशांवर ठेवून दाबा. माझा सगळ्यांत भरवसा या दुसऱ्या भागावर आहे, कारण ती तीन कडी टेबलावर शेजारी ठेवली की पाळीतल्या लोकांना डायचं तापमान का लिहायचं हे वेगळं समजवावं लागत नाही. सगळ्या कड्यांना भट्टीत सारखाच वेळ द्या, नाहीतर खपलीच्या जाडीतला फरक निकालात मिसळेल.

हे आकडे स्टीलचे आहेत. ॲल्युमिनियम ४५०-५०० अंशांवर घडवतात आणि तिथे डाय मालाच्या बरीच जवळ तापवता येते, त्यामुळे गार पडण्याचा त्रास कमी आणि चिकटण्याचा जास्त. टायटॅनियमला काचेचा लेप लागतो. तो विषयच वेगळा.

डाय १५० ते ३०० मध्ये टिकली आहे, ग्रॅफाइट कानापर्यंत पोचतंय, गाभा तापलाय, लँडची कडा शाबूत आहे, वजन बरोबर आहे आणि तरीही तोच कान त्याच जागी रिकामा राहतो, तर दोष ब्लॉकरच्या आकारात आहे. ब्लॉकरने कानाकडे पुरेसा माल वळवलेला नसतो, किंवा कानाच्या मुळाशी रेडियस इतका लहान असतो की माल भिंत सोडून पुढे जातो आणि मागे घडी पडते. ब्लॉकरचा एक पीस मधून कापा, घासून ॲसिडने एच करा (कापलेला पृष्ठभाग ॲसिडने हलका खाऊ द्या) आणि धाग्यांची, म्हणजे माल वाहिल्याच्या रेषांची, दिशा बघा. धागे कानात न वळता सरळ फ्लॅशकडे जात असतील तर ब्लॉकर डायचा रेडियस आणि कानाची उंची टूलरूमला पुन्हा काढायला सांगा, आणि त्या कामासाठी कापलेला पीस ड्रॉइंगसोबत द्या.